इन्स्ट्रुमेंट अप्रोच चार्ट

इन्स्ट्रुमेंट अप्रोच चार्ट हा ढग, धुके, पाऊस किंवा अंधार यांमुळे धावपट्टी डोळ्यांना दिसत नसताना, केवळ उपकरणांच्या आधारे विमान धावपट्टीच्या समीप आणण्यासाठी वैमानिकाने वापरावयाचा अधिकृत तक्ता होय. मराठीत त्याला ‘उपकरणाधारित उपगमन तक्ता’ असे म्हणता येईल. परंतु भारतीय वैमानिकांच्या तोंडी ‘अप्रोच चार्ट’ किंवा नुसते ‘चार्ट’ हेच शब्द रूढ असल्याने या लेखातही तेच वापरले आहेत. एका चार्टवर एका धावपट्टीकडे येण्याची एकच पद्धती दिलेली असते. हा तक्ता वाचून त्यातील मजकूर दोन्ही वैमानिकांनी उतरण्यास आरंभ करण्यापूर्वी परस्परांना सांगून पडताळून घेणे, यास ब्रीफिंग म्हणतात.

चार्ट पाहणाऱ्या नवख्या वाचकाला तो रस्ता दाखवणारा नकाशा वाटतो. तो तसा आहेही. परंतु त्यातील बहुतेक आकडे वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतात. कोणत्या बिंदूपर्यंत किती उंचीच्या खाली जाऊ नये, आणि धावपट्टी दिसलीच नाही तर कोठून माघारी वळावे, हा तो प्रश्न होय.

शिर्डीचे उदाहरण

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील शिर्डी विमानतळ कोपरगाव तालुक्यातील काकडी या गावी, शिर्डीच्या नैर्ऋत्येस सुमारे १४ किलोमीटरांवर आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. धावपट्टी पूर्व-पश्चिम असल्याने तिच्या एका टोकाला ०९ आणि दुसऱ्या टोकाला २७ हे क्रमांक आहेत. होकायंत्राच्या ९० व २७० अंशांतील शेवटचे शून्य गाळले की हे क्रमांक मिळतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने, म्हणजे ‘इकाओ’ने, या विमानतळाला दिलेले चिन्ह व्हीएएसडी असे आहे.

विमानतळ उघडला तरी प्रारंभीच्या काळात येथील वाहतूक डोळ्यांनी पाहून उतरण्याच्या नियमांवर अवलंबून होती. त्या नियमांनुसार साधारणपणे ५,००० मीटर दृश्यमानता लागते. नोव्हेंबर २०१९ च्या मध्यास काकडीच्या परिसरात दृश्यमानता त्याहून बरीच खाली गेली आणि त्यानंतर काही आठवडे येथील उड्डाणे बंद राहिली. विमाने सुस्थितीत होती, धावपट्टीही सुस्थितीत होती. दर्शनासाठी निघालेल्या प्रवाशांना मात्र मुंबई, पुणे किंवा औरंगाबादमार्गे रस्त्याने यावे लागले. हिवाळ्यात गोदावरी-प्रवरेच्या कालव्यांखालील ऊसपट्ट्यात सकाळी धुके आणि धूसरपणा दाटतो, हे त्या भागातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. असे धूसर हवामान सुरक्षितपणे हाताळण्याचे साधन म्हणजे उपकरणाधारित पद्धती, आणि ती पद्धती वैमानिकाच्या हाती पोहोचते ती या चार्टच्या रूपाने.

उगम

भारतातील नियमित टपाल विमानसेवेचा आरंभ १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर विमान आणून केला. त्या काळी वैमानिक नद्या, लोहमार्ग आणि समुद्रकिनारा पाहून दिशा ठरवीत असत. अमेरिकेत टपाल वाहून नेणारा एल्रे जेप्पेसन (१९०७-१९९६) हा वैमानिक याच सुमारास एका लहान वहीत धावपट्ट्यांचे आराखडे, आसपासच्या टेकड्यांच्या उंच्या आणि उतरण्याच्या युक्त्या टिपून ठेवत असे. सहकारी वैमानिकांकडून मागणी वाढल्यावर १९३४ पासून त्याने त्या वहीच्या प्रती विकण्यास आरंभ केला. त्याच्या नावाची कंपनी आजही जगभरच्या विमान कंपन्यांना चार्ट पुरवते.

चार्टच्या आखणीचे आंतरराष्ट्रीय नियम इकाओच्या चौथ्या परिशिष्टात असून, अडथळ्यांपासून किती अंतर राखून मार्ग आखावा याचे गणित तिच्या ८१६८ क्रमांकाच्या दस्तऐवजात दिलेले आहे. भारतात भारतीय विमानतळ प्राधिकरण हे चार्ट वैमानिकी माहिती संग्रहात प्रसिद्ध करते. हा संग्रह महाजालावर कोणालाही विनामूल्य पाहता येतो. जिज्ञासू विद्यार्थ्याने आपल्या जवळच्या विमानतळाचा चार्ट उघडून पुढील भाग वाचल्यास तो अधिक चांगला समजेल.

चार्टची रचना

कागदाच्या शिरोभागी विमानतळाचे नाव, धावपट्टीचा क्रमांक आणि पद्धतीचा प्रकार असतो. ‘आयएलएस’ हा प्रकार असल्यास जमिनीवरील यंत्रणेचे रेडिओकिरण विमानाला डावी-उजवीकडची दिशा आणि उताराचा कोन असे दोन्ही देतात. ‘आरएनपी’ असल्यास विमान उपग्रहांच्या साहाय्याने आपले स्थान ठरवते. ‘व्हीओआर’ हा जमिनीवरील जुन्या धर्तीचा रेडिओ दीपस्तंभ होय. त्याच पट्टीत नियंत्रण कक्षाच्या रेडिओ वारंवारता, अंतिम मार्गाची दिशा, विमानतळाची उंची आणि माघारीची सूचना असते.

मध्यभागी वरून पाहिल्यासारखा आराखडा असतो व त्याखाली बाजूने पाहिल्यासारखा छेद. पहिल्यात वळणे आणि अडथळे दिसतात, तर दुसऱ्यात पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणाऱ्या उंच्या. तळाशी किमान मर्यादांचा तक्ता असतो. विमान धावपट्टीच्या टोकाशी कोणत्या वेगाने येते त्यावरून विमानांचे अ, ब, क, ड असे वर्ग केलेले असून प्रत्येक वर्गाची मर्यादा निराळी असू शकते. एटीआर-७२ हे पंख्याचे विमान ‘ब’ वर्गात, तर एअरबस ए-३२० ‘क’ वर्गात मोडते. वेगवान विमानाला वळण्यास अधिक जागा लागते, हे त्यामागील साधे कारण आहे.

येथे मराठी वाचकाची एक अडचण सांगितली पाहिजे. समुद्रसपाटीपासूनची उंची आणि धावपट्टीपासूनची उंची यांना आपण दोन्ही वेळा ‘उंची’च म्हणतो, चार्टवर मात्र त्यांत काटेकोर भेद असतो. ‘२,४०० (५००)’ असे लिहिलेले असल्यास पहिला आकडा समुद्रसपाटीपासूनचा व कंसातील आकडा धावपट्टीपासूनचा समजावा. काकडीचे पठार समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या जवळपास उंचीवर आहे. त्यामुळे तेथे उंचीमापक २,४०० फूट दाखवत असता खालची जमीन जेमतेम पाचशे फुटांवर असते.

सुरक्षित उंची आणि जुन्नरचा डोंगर

आराखड्याच्या कोपऱ्यात एक लहान वर्तुळ असते. विमानतळाच्या किंवा दिक्साधनाच्या भोवती २५ सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे ४६ किलोमीटरांच्या परिघात सर्व अडथळ्यांच्या किमान १,००० फूट वर राहण्यासाठी किती उंची राखावी, हे त्यात लिहिलेले असते. डोंगराळ प्रदेशात हे अंतर याहून अधिक ठेवतात. पुष्कळदा वर्तुळाचे भाग पाडून प्रत्येक दिशेचा आकडा वेगळा दिलेला असतो.

या वर्तुळाची मर्यादाही ओळखली पाहिजे. अकोले तालुक्यातील कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट उंच असून काकडीपासून पश्चिमेस सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटरांवर आहे. म्हणजेच ते या वर्तुळाच्या बाहेर पडते. मुंबईकडून येणाऱ्या विमानाने सह्याद्री ओलांडताना वर्तुळातील आकड्यावर विसंबणे चुकीचे ठरेल. तेथे हवाईमार्गाच्या नकाशावरील किमान उंचीच पाळावी लागते.

ही उंची मोडली की काय होते, याचे दारुण उदाहरण अकोले-संगमनेरला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात घडले. ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्रीनंतर सिडनीहून रोमला निघालेले अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान बँकॉकहून मुंबईकडे येत होते. पावसाळी रात्र होती. मुंबईच्या ईशान्येस सुमारे ८४ किलोमीटरांवर, सुमारे ३,६०० फूट उंचीच्या डोंगरमाथ्याजवळ ते आदळले आणि त्यातील सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. विमान प्रत्यक्षात होते त्याहून मुंबईच्या जवळ आले आहे असे वैमानिकाला वाटले, म्हणून त्याने वेळेआधी उतरण्यास आरंभ केला आणि ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची मोडली, असा चौकशीचा निष्कर्ष होता. स्थान पडताळून पाहण्याची साधने उपलब्ध असूनही त्यांचा उपयोग केला गेला नाही, हेही त्यात नमूद आहे.

उताराचे गणित

बहुतेक धावपट्ट्यांकडे येण्याचा उतार ३ अंशांचा असतो. त्रिकोणमितीने पाहता एका सागरी मैलास हा उतार सुमारे ३१८ फूट होतो. समजा, धावपट्टीचे टोक १,९०० फुटांवर आहे आणि विमानाने ते ५० फूट वरून ओलांडावयाचे आहे. तर ६ सागरी मैलांवर विमान सुमारे ३,८६० फुटांवर, ४ मैलांवर ३,२२० फुटांवर आणि २ मैलांवर २,५९० फुटांवर असावयास हवे. छेदाच्या जवळ अंतर व उंची यांचा असाच एक छोटा तक्ता छापलेला असतो. वैमानिक तो प्रत्येक मैलाला पडताळतात. उतरण्याचा दर काढण्यासाठी जमिनीसापेक्ष वेगाला पाचाने गुणण्याची सोपी रीत आहे. १४० नॉट वेग असल्यास दर मिनिटाला ७०० फूट, नेमके सांगायचे तर थोडे अधिक. पाठीमागून वारा असला की हाच आकडा वाढतो.

किमान मर्यादेत उंचीसोबत दृश्यमानताही दिलेली असते. हे दोन आकडे एकमेकांशी बांधलेले असतात, याकडे विद्यार्थ्यांचे सहसा लक्ष जात नाही. वरच्याच उदाहरणात किमान उंची २,४०० फूट धरली, तर विमान त्या उंचीला धावपट्टीच्या टोकापासून सुमारे १.४ सागरी मैलांवर, म्हणजे २.६ किलोमीटरांवर पोहोचते. दृश्यमानता त्याहून फारच कमी असेल तर तेथून धावपट्टी दिसणार कशी? आयएलएसच्या पहिल्या श्रेणीत विमानाला धावपट्टीच्या २०० फूट वरपर्यंत येता येते. तेव्हा धावपट्टीचे टोक सुमारे ८७० मीटरांवर उरते. टोकाच्या अलीकडे ९०० मीटरपर्यंत दिव्यांची रांग उभारलेली असल्यास ते दिवे समोर व जवळजवळ पायाखालीच येतात. म्हणूनच अशा ठिकाणी ५५० मीटर दृश्यमानताही पुरते. पाच हजार मीटर आणि साडेपाचशे मीटर यांतील हा फरक यंत्रणा, दिवे आणि मोजणी यांनी मिळवलेला असतो.

किमान उंची गाठल्यावर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत तर फेरउड्डाण करावयाचे, हा नियम निरपवाद आहे. माघारीचा मार्ग चार्टवर तुटक रेषेने दाखवलेला असतो. विमान किमान २.५ टक्के चढाने, म्हणजे सागरी मैलास सुमारे १५२ फूट वर जाईल, असे गृहीत धरून तो सर्वसाधारणपणे आखतात. अधिक चढ लागत असल्यास चार्टवर तसे स्पष्ट लिहिलेले असते. वैमानिक फेरउड्डाणास अपयश समजत नाहीत. निदान समजू नये असे त्यांना शिकवले जाते.

हवेच्या दाबाचा आकडा

उंचीमापक हे मुळात वायुभारमापक आहे. स्थानिक हवेचा समुद्रसपाटीवर आणलेला दाब, ज्याला ‘क्यूएनएच’ म्हणतात, त्यात भरावा लागतो. एका हेक्टोपास्कलची चूक सुमारे २८ फुटांची असते. २३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर स्टॉकहोमहून आलेल्या एका एअरबस ए-३२० विमानाला नियंत्रकाने १००१ ऐवजी १०११ असा दाब सांगितला. दहा हेक्टोपास्कलच्या या फरकाने विमान योग्य मार्गाच्या सुमारे २८० फूट खालून उतरू लागले. उपकरणे मात्र सर्व ठीक दाखवत होती, कारण आरएनपी प्रकारच्या त्या पद्धतीत उताराचा मार्ग हवेच्या दाबावरूनच काढला जात होता. पावसात धावपट्टी न दिसल्याने वैमानिकांनी फेरउड्डाण केले. तेव्हा धावपट्टीच्या अलीकडे विमान जमिनीपासून सुमारे ६ फुटांवर आले होते. कोणालाही इजा झाली नाही. आयएलएस असते तर उताराचा किरण जमिनीवरून येत असल्याने मार्ग तरी बिघडला नसता.

ब्रीफिंग

ब्रीफिंग उतरण्यास आरंभ करण्यापूर्वी, काम कमी असताना करतात. हैदराबादहून शिर्डीकडे ३२,००० फुटांवरून येणारे विमान घ्या. हजार फुटांस तीन सागरी मैल या ठोकताळ्याने त्याला सुमारे ९० सागरी मैल आधी उतरू लागावे लागेल, आणि सरळ रेषेत तो बिंदू बीडच्या आसमंतात येतो. चार्टचे वाचन त्याही आधी संपलेले असावे. विमान हाताळणारा वैमानिक सांगतो आणि देखरेख करणारा आपल्या समोरच्या चार्टवर व विमानाच्या संगणकात ते पडताळतो. चार्टची तारीख, धावपट्टी, रेडिओ वारंवारता, अंतिम दिशा, टप्प्याटप्प्याच्या उंच्या, किमान मर्यादा, माघारीचा मार्ग हा ठरलेला क्रम असतो. त्याखेरीज त्या दिवसाचे विशेष म्हणजे वारा, ओली धावपट्टी, शिल्लक इंधन आणि पर्यायी विमानतळ.

हा क्रम रोज म्हणून पाढ्यासारखा पाठ होतो आणि तेथेच धोका आहे. पाढा म्हणणारा मुलगा बारा साती चौऱ्याऐंशी बिनचूक म्हणतो. पण सात माणसांना प्रत्येकी बारा वह्या दिल्यास किती लागतील, असे विचारले की अडतो. म्हणून हल्ली अनेक कंपन्या आधी आजचा धोका कोणता हे बोलण्यास सांगतात, आणि चार्टवरील आकडे त्या संदर्भात वाचून घेतात. प्रस्तुत लेखकाला ही रीत अधिक सयुक्तिक वाटते.

१ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत टीडब्ल्यूए कंपनीच्या ५१४ क्रमांकाच्या बोइंग-७२७ विमानाला वॉशिंग्टनच्या डलस विमानतळापासून सुमारे ४४ मैलांवर असतानाच उपगमनाची परवानगी मिळाली. परवानगी मिळाली म्हणजे चार्टच्या छेदातील १,८०० फुटांपर्यंत उतरण्यास हरकत नाही, असा अर्थ वैमानिकांनी घेतला. वरच्या आराखड्यात त्या पट्ट्यातील उंची अधिक दाखवलेली होती. ती विसंगती त्यांच्या ध्यानात आली होती व त्यावर चर्चाही झाली, पण नियंत्रकाला विचारले गेले नाही. विमान माउंट वेदर या डोंगरावर आदळून ९२ जण दगावले. आराखडा आणि छेद हे दोन्ही एकत्र वाचावेत आणि शंका मनात ठेवून उतरू नये, हा धडा तेव्हापासून शिकवला जातो.

दुसरे उदाहरण ऐनवेळच्या बदलाचे आहे. २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियातील काली येथे अमेरिकन एअरलाइन्सच्या ९६५ क्रमांकाच्या विमानाने नियोजित धावपट्टी सोडून समोरून सरळ येणारी दुसरी धावपट्टी स्वीकारली. नव्या पद्धतीचे ब्रीफिंग करण्यास वेळ उरला नाही. चार्टवर ‘आर’ या अक्षराने दाखवलेले रोझो हे दिक्साधन संगणकात भरताना त्याच अक्षराचे बोगोटाजवळचे रोमिओ निवडले गेले. विमान डोंगरांकडे वळले आणि १६३ पैकी १५९ जणांचा मृत्यू झाला. धावपट्टी बदलली की ब्रीफिंग नव्याने करावे; त्यासाठी वेळ नसल्यास नियंत्रकाकडे वेळ मागून घ्यावा किंवा बदल नाकारावा, असे नियम त्यामुळे अधिक कडक झाले.

ब्रीफिंगचा आणखी एक उपयोग क्वचितच लिहिला जातो. आपल्याकडे वडीलधाऱ्याला मध्येच टोकणे अवघड असते, आणि कॉकपिटमध्ये ‘सर’ म्हणणाऱ्या तरुण सहवैमानिकाचीही तीच अडचण असते. २२ मे २०१० रोजी मंगळुरू येथे एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान नेमून दिलेल्या उताराच्या बरेच वरून, अस्थिर अवस्थेत आले. सहवैमानिकाने फेरउड्डाण करण्यास सुचवले होते. तरी उतरणे चालूच राहिले, विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेले आणि १६६ पैकी १५८ जण मृत्युमुखी पडले. कोणत्या आकड्याला माघार घ्यायची हे आधीच दोघांच्या संमतीने उच्चारलेले असले, तर तो आकडा आल्यावर ‘गो अराउंड’ म्हणणे हा वरिष्ठाचा अवमान राहत नाही. ते आठवण करून देणे ठरते. अर्थात, ऐकणाऱ्यानेही ते ऐकले पाहिजे.

अद्ययावतता

चार्टमधील बदल जगभर २८ दिवसांच्या ठरावीक चक्रानुसार अमलात येतात. धावपट्टीची लांबी, नवा मनोरा, बदललेली वारंवारता यांपैकी काहीही जुन्या चार्टवर नसू शकते, म्हणून ब्रीफिंगचा आरंभ तारखेने होतो. तातडीचे बदल वेगळ्या सूचनेद्वारे कळवले जातात. त्यांना ‘नोटॅम’ म्हणतात. एखादी किमान मर्यादा नोटॅमने वाढवलेली असल्यास चार्टवरील छापील आकडा रद्द समजावयाचा असतो. पूर्वी वैमानिकांच्या जाड कातडी पिशव्यांत शेकडो पाने असत आणि दर चक्राला जुनी पाने काढून नवी बसवावी लागत. आता ते काम टॅब्लेटवर होते. मात्र पडदा बोटांनी मोठा करून पाहताना कोपऱ्यातील टीप नजरेआड राहू शकते, त्यामुळे संपूर्ण चार्ट एकदा तरी एका दृष्टिक्षेपात पाहून घ्यावा, असे प्रशिक्षक सांगतात.